पिंपातील एल आणि परीक्षकाचे कर्तव्य

वरील मथळा वाचून आमच्या कित्येक वाचकांच्या भिवया वर चढतील, हे आम्ही जाणून आहो. ऊस, ज्वारी, दुभती जनावरे व सोसायटीचे कर्ज यांविषयी ज्या पानांवर लिहिले जाते, तेथे जवाच्या मद्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न ते करतील; आणि तो प्रश्न रास्त आहे. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. दारूपायी जमिनी गेलेली घरे आम्ही महसूल खात्याच्या नोकरीत पुष्कळ पाहिली, व त्यांच्या फेरफाराचे कागद आमच्या टेबलावरून गेले आहेत. आम्हांस लिहावयाचे आहे ते पिण्याविषयी नव्हे, पारखण्याविषयी. शेतकऱ्याच्या मालाची पारख कोणी करावी, कशी करावी, आणि केल्यावर त्यास काय सांगावे, या तीन गोष्टींवर त्याच्या कष्टाचा भाव अवलंबून असतो. या तिन्हींचा धडा आम्हांस दैववशात एका एलच्या पेल्यातून मिळाला, म्हणून तो जसा मिळाला तसा येथे मांडतो.

आमची कन्या व जावई अमेरिकेतील केंटकी राज्यात राहतात. सेवानिवृत्तीनंतर आम्ही त्यांजकडे काही महिने राहून आलो. तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगाव कृषिप्रदर्शने भरतात. मक्याची कणसे, भोपळे, मध, मुरंबे, कोंबड्या, बैल अशा सर्व जिनसांची परीक्षा होऊन बक्षिसे वाटली जातात. त्याच मंडपात घरी गाळलेल्या बिअरचीही परीक्षा असते. कारण तेथे स्वतःच्या घरी, विक्रीकरिता नव्हे तर घरच्या उपयोगाकरिता, बिअर तयार करण्यास मध्यवर्ती सरकारच्या १९७८ सालच्या कायद्याने मुभा आहे. आमचे जावई परीक्षकांच्या टेबलावर बाटल्या नेऊन देण्याचे काम हौसेने करतात. त्यांनी आम्हांस विचारले, "मामा, बसून काय करणार? चला, कागद लावायला तरी मदत होईल." कागद लावण्याचे काम आम्ही जन्मभर केले होते. आमचे इंग्रजी शाळेत सातवीपर्यंत शिकलो तेवढेच. परंतु क्रमांकाप्रमाणे कागद लावण्यास तेवढे पुरते. तेव्हा आम्ही गेलो.

आमच्या वाट्यास जे टेबल आले, त्यावर लाकडी पिंपात मुरविलेल्या बिअरी होत्या, व त्यांत तीन बाटल्या तपकिरी एलच्या होत्या. ही तपकिरी एल म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. जव, ज्यास आपल्याकडे कोठे कोठे सातू म्हणतात, भिजवून मोड आणतात व मोड आलेले धान्य वाळवून भट्टीत भाजतात. यास माल्ट म्हणतात. कमी भाजले तर माल्ट फिकट राहते. अधिक भाजले तर त्यास तांबूस, तपकिरी व अखेर काळा रंग येतो. या धान्याचा गोड काढा करून त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले उकळतात, आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवितात. थोड्या उबदार हवेत आंबणाऱ्या यीस्टने केलेल्या बिअरला एल म्हणतात. तपकिरी एल ही मूळची इंग्लंडची. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या मान कारखान्याने या नावाची गोडसर एल बाटलीत भरून विकण्यास सुरुवात केली. आणि १९२७ साली न्यूकॅसल शहरात कर्नल पोर्टर यांनी आपली तपकिरी एल काढली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, लंडनच्या प्रदर्शनात तिने बक्षिसे मिळविली, आणि त्या पदकांची चित्रे पुढे तिच्या बाटलीवर झळकू लागली. प्रदर्शनातील परीक्षेचा बाजारात केवढा उपयोग होतो, याचे हे एक जुने उदाहरण आहे.

या एलचा स्वभाव सौम्य असतो. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, अक्रोडासारखी, थोडीशी काकवीसारखी अशी तिची चव, कडूपणा बेताचा. फार गोड नाही, फार उग्र नाही. घरातील मोठ्या सुनेप्रमाणे ती फारशी बोलत नाही, पण तिच्यावाचून चालत नाही. नेमकी अशी एल लाकडी पिंपात घातली म्हणजे परीक्षकाचे काम कठीण होते, आणि ते का होते, हे पिंपाची हकीकत ऐकल्यावाचून समजणार नाही.

केंटकीत मक्यापासून बर्बन नावाची व्हिस्की करतात. तिच्या कायद्यात असे आहे की, धान्यात मका निदान १०० त ५१ भाग पाहिजे, आणि मद्य ज्या ओकच्या पिंपात मुरवावयाचे, ते कोरे व आतून जाळून कोळसलेले असले पाहिजे. पिंप सुमारे २०० लिटरचे असते. एकदा त्यातून बर्बन काढली की त्याच पिंपात पुन्हा बर्बन मुरविता येत नाही. म्हणजे कायद्यानेच दरवर्षी हजारो चांगली पिंपे रिकामी होतात. ही पिंपे व्हिस्की मुरविण्याकरिता स्कॉटलंडास जातात, आणि त्यांतील काही बिअर करणारे घेतात. १९९० च्या दशकात शिकागो शहराच्या गूज आयलंड या कारखान्याने बर्बनच्या पिंपात काळी, जड बिअर मुरवून नाव मिळविले. तेव्हापासून ही रीत फार फैलावली. शेजाऱ्याच्या गोठ्यातील शेण आपल्या शेतास सोने होते, त्यातलाच हा प्रकार म्हणावा.

रिकाम्या पिंपाच्या फळ्यांत पुष्कळ बर्बन जिरलेली असते. एल आत घातली की ती हळूहळू बाहेर येते, व एलचा कडकपणा वाढतो. शिवाय लाकूड आपले गुण देते. ओकमध्ये लिग्निन नावाचा जो घटक आहे, तो आचेने फुटला की त्यातून व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य निघते. लाकडातील शर्करायुक्त भाग भाजून साखर करपविल्यासारखी गोडी येते. ओकचेच आणखी एक द्रव्य खोबऱ्याचा वास देते. आणि लाकडातील टॅनिनने जिभेवर तुरटपणा येतो, जसा हिरडा चघळल्यावर येतो. हे झाले लाभ. हानीही तशाच आहेत. लाकूड सच्छिद्र असते, म्हणून त्यातून हवा आत जाते. हवेने एल शिळी होऊन तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. फळ्यांच्या सांधीत आंबट जंतू घर करतात व सारे पिंप शिर्का होऊन बसते. पिंप फार दिवस रिकामे राहिले तर सुकून गळू लागते. आणि या सर्वांतून वाचले तरी एक धोका राहतोच: पहिल्या खेपेचे पिंप इतके जोरकस असते की सौम्य एल त्यात बुडून जाते. काळी, जड बिअर पिंपाचा भार सोसते. तपकिरी एलला तो सोसतोच असे नाही. तेव्हा परीक्षकापुढे प्रश्न असतो तो हा की, पेल्यातून बोलते आहे ते कोण, एल की पिंप? दोन्ही बोलत असतील व एकमेकांस सावरून बोलत असतील, तरच ती वस्तू साधली.

आता परीक्षा कशी होते ते पाहावे. अमेरिकेत बिअर-परीक्षकांस शिकवून प्रमाणपत्र देणारी एक संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या प्रत्यक्ष परीक्षेत उमेदवारास दीड तासात सहा बिअरी चाखून प्रत्येकीचा लेखी अहवाल द्यावा लागतो. आम्ही पाहिलेल्या प्रदर्शनात तिचाच कागद चालत होता. या कागदावर एकूण ५० गुण असतात. त्यांची वाटणी अशी: वासास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडात लागणाऱ्या भरीवपणास ५ व एकंदर परिणामास १०. वाचकांनी यातील एक आकडा विशेष लक्षात ठेवावा: डोळ्यांना जे दिसते त्यास ५० पैकी केवळ ३ गुण. प्रत्येक गुणासमोर काही ओळींची मोकळी जागा असते, व ती कोरी सोडणे हा परीक्षकाचा कमीपणा समजला जातो.

बाटलीवर करणाराचे नाव नसते. केवळ क्रमांक असतो. पिंपाची एल असल्यास मूळ एल कोणत्या जातीची व पिंपात पूर्वी कोणते मद्य होते, एवढे मात्र परीक्षकास सांगितलेले असते, कारण त्यावाचून तोलून पाहणार कशाशी? एका टेबलावर निदान दोन परीक्षक बसतात. त्यांनी त्या दिवशी अत्तर लावावयाचे नाही. मध्ये मध्ये पाणी व साधा पाव खाऊन तोंड स्वच्छ करावयाचे. पेल्यात थोडीशीच एल ओततात. प्रथम वास घ्यावयाचा, कारण वास लवकर उडतो. मग रंग, मग चव. दोघांनी न बोलता आपापले गुण लिहावयाचे, आणि लिहून झाल्यावरच तोंड उघडावयाचे. दोघांच्या गुणांत सातांहून अधिक अंतर पडले तर पुन्हा चाखून, चर्चा करून ते कमी करावयाचे. आम्ही बाटल्या वाहणारे, आम्हांस तर गुण लिहून होईपर्यंत चकार शब्द काढण्याची मनाई होती.

तीन बाटल्यांपैकी पहिली आंबट निघाली. परीक्षकांनी नाके मुरडली नाहीत. शांतपणे लिहिले की, आंबटपणा शिर्क्याचा आहे, पिंप धुण्यात अथवा बंद करण्यात चूक झाली असावी, ते पुन्हा वापरू नये. दुसरी निर्दोष होती, परंतु पिंप दुबळे होते. लाकडाचा मागमूस नव्हता. तिसरीवर वाद झाला.

ही तिसरी बाटली फोडताच खोबरे व व्हॅनिला यांचा वास टेबलापलीकडे आला. रंग उत्तम, लालसर तपकिरी, उजेडात धरल्यावर माणकासारखा. वयस्क परीक्षकाने ४१ गुण दिले. दुसरी परीक्षक एक तरुण बाई होती. तिने दिले ३१. दहांचे अंतर! वयस्क गृहस्थांचे म्हणणे असे की, वस्तू रुचकर आहे, दोष एकही नाही, मग गुण का कापावे? बाईंचे म्हणणे असे की, रुचकर आहे खरी, परंतु कागदावर तपकिरी एल लिहिले आहे ती कोठे आहे? आपण बर्बन चाखतो आहो व एल पाण्यासारखी तिच्याखाली वाहते आहे. यावर त्या गृहस्थांनी रागावून न जाता पेला दोन्ही तळहातांत धरला व पाच मिनिटे ऊब दिली. थंडाव्यात काही वास दबून राहतात व उबेने वर येतात. पुन्हा चाखल्यावर अक्रोडाची व भाजलेल्या पावाची चव थोडी वर आली. बाईंनी मान्य केले की, एल अगदीच मेलेली नाही. गृहस्थांनी मान्य केले की, ती फार दबली आहे. अखेर त्यांनी ३६ लिहिले, तिने ३४. दोघांनी आपला पहिला आकडा खोडला, परंतु आपापले कारण खोडले नाही. आम्हांस ही गोष्ट फार आवडली.

गुण लिहून झाल्यावर जावयांनी त्या बाटलीतील उरलेली घोटभर एल आमच्यापुढे केली. घ्यावी की नाही, याचा आम्ही क्षणभर विचार केला. मग ज्या वस्तूवर एवढा वेळ कागद लावीत बसलो, तिची चव न पाहता मत बनविणे हेच अधिक गैर वाटले. प्रथम नाकात ऊब चढली. मग ओले खोबरे. आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जी गोडी राहिली, तिने आम्ही चकित झालो. आमच्या तोंडून निघून गेले, "अहो, ही तर काकवी!" जावयांनी हसून त्या बाईंचा कागद आमच्यापुढे धरला. चवीच्या ओळींत तिने जे लिहिले होते, त्याचा अर्थ "ज्वारीच्या धाटांचा पाक" असा होता. केंटकीत गोड धाटाची ज्वारी पिळून, रस आटवून, दरसाल शरदात पाक करतात व पावाबरोबर खातात. म्हणून तेथील माणसास ही चव बालपणापासून ओळखीची. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या काकवीवर पुष्कळ काम केले आहे, हे वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. सात समुद्रांपलीकडची बाई व आम्ही, दोघांनी एकाच चवीस आपापल्या शेतातील नाव दिले. तेव्हा "जिभेचे काय, ज्याची त्याची वेगळी" असे जे म्हणतात, ते निम्मेच खरे आहे. आवड वेगळी असते; चव बहुधा तीच असते, आणि शिकलेली जीभ ती ओळखते.

या तिसऱ्या एलला बक्षीस मिळाले नाही. सायंकाळी ती करणारा इसम आपला कागद घेण्यास आला. तो मका व सोयाबीन पिकविणारा शेतकरी होता. चौघा मित्रांनी मिळून एक पिंप विकत घेतले होते व प्रत्येकाने आपल्या घरी केलेली एल त्यात ओतली होती. त्याने मंडपाच्या खांबाशी उभे राहून दोन्ही कागद सावकाश वाचले. बाईंनी अखेरीस लिहिले होते की, मूळ एल उत्तम आहे व पिंपही उत्तम आहे, परंतु त्यांची संगत फार दिवस झाली. पुढच्या खेपेस दर आठवड्यास चव पाहावी, वेळीच काढावी, आणि जोर अधिक झालाच तर त्याच जातीची ताजी एल त्यात मिसळावी. ही मिसळण्याची युक्ती जुनी आहे. बेल्जमच्या रोझेलारे गावी रोडेनबाख कारखान्यात ओकच्या प्रचंड हौदांत दोन वर्षे मुरलेली आंबट तांबूस एल ताज्या एलशी मिसळून विकतात. त्या शेतकऱ्याने कागदाची घडी केली, छातीच्या खिशात ठेवली, आणि आमच्याकडे पाहून टोपीस हात लावला. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचे दुःख नव्हते. बक्षीस मिळाले नव्हते, पण कारण मिळाले होते.

त्या रात्री आम्हांस झोप लवकर आली नाही. आणि त्यास एलचा घोट कारण नव्हता. आम्हांस आमच्याच नोकरीतील एक साल आठवले. पावसाने ओढ दिली होती. वाचकांस ठाऊकच आहे की, पिकाची पैसेवारी प्रथम नजरअंदाजाने ठरते, मग सुधारित, मग अंतिम. आणि त्या काळी पन्नास पैशांच्या आत आली तरच गावास सवलती मिळत. त्या साली एका ओढ्याच्या दोन बाजूंच्या दोन गावांपैकी एकाची पैसेवारी ४८ लागली व दुसऱ्याची ५२. दुसऱ्या गावचा एक म्हातारा आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला व म्हणाला, "भाऊसाहेब, ओढ्याच्या पल्याड पीक मेलं आणि अल्याड जगलं, ते कसं, तेवढं सांगा. मी भांडत नाही." आम्ही कागद उलटेपालटे केले. त्यावर आकडा होता, सह्या होत्या, कारण नव्हते. "निर्णय समितीचा आहे," एवढे सांगून आम्ही त्यास वाटेला लावले. कदाचित तो आकडा बरोबरही असेल. परंतु ज्या माणसाचे साल त्या आकड्याने बुडाले, त्यास आम्ही चार ओळींचे कारण देऊ शकलो नाही, आणि घोटभर एलवर दोन परक्या माणसांनी दोन बाजू कागद भरला. ही लाज आमची आहे, म्हणून येथे कबूल करतो.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या मालाची. आमची वडिलोपार्जित थोडी ऊसशेती आहे. एका हंगामात आम्ही गुऱ्हाळावर गुळव्यास सांगितले की, रसातील मळी भेंडीच्या चिकाने काढावी, चुना बेताचा घालावा, आणि रंग उजळण्याकरिता जी हायड्रॉसची पूड काहिलीत टाकतात तिचा कणही टाकू नये. गूळ तपकिरी झाला, परंतु वास व गोडी अशी की घरची लहान मुले रव्याभोवती घुटमळत होती. तो आम्ही एका पेठेत सौद्यास नेला. व्यापारी आले, रव्याकडे पाहिले, म्हणाले, "अण्णा, माल काळा आहे," आणि पुढे गेले. कोणी खडा तोडून तोंडात टाकला नाही. शेजारच्या रासेत पिवळाधमक गूळ होता, तो चढ्या भावाने गेला. सौदा उठल्यावर त्यांतलाच एक व्यापारी परत आला व हळूच म्हणाला, "घरी खायला दोन रवे द्या, पण सौद्याला पिवळाच आणत जा."

त्या व्यापाऱ्यास आम्ही दोष देत नाही. त्याचे गिऱ्हाईक रंग पाहून घेते, म्हणून तो रंग पाहून घेतो. परंतु याचा परिणाम काय झाला तो पाहा. एलच्या कागदावर रूपास ५० पैकी ३ गुण. आमच्या पेठेत रूपास जवळजवळ सगळेच्या सगळे. ज्या गोष्टीस गुण मिळतात तीच गोष्ट शेतकरी पिकवितो, हा जगाचा नियम आहे. रंगास भाव दिला, म्हणून काहिलीत गंधकाची पूड आली. त्या पुडीने आलेला पिवळेपणा साठवणीत पुष्कळदा टिकतही नाही. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, नावाची राखण झाली. परंतु नावामागची गोडी कोणी चाखलीच नाही, तर ती राखणार कोण? उद्या तपकिरी एलच्या परीक्षेत रंगास ४५ गुण ठेवले, तर तेथील लोकही एकाच सालात जवाऐवजी रंगाची पूड वापरू लागतील. माणसे सर्वत्र सारखीच. कागद मात्र निराळा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आमच्या शेतकऱ्यास शिकलेल्या जिभा कोठून आणावयाच्या? उत्तर असे की, त्या घरोघर आहेत. जी माउली पुरणाचा वास घेऊन गूळ जुना की नवा हे सांगते, तिला केवळ शब्द लिहून ठेवण्याची सवय लावावयाची आहे. ती केंटकीची बाई काही आभाळातून पडली नव्हती. शाळेत शिकविण्याचे काम करून सुटीच्या दिवशी चाखणे शिकली होती. दुसरा आक्षेप असा की, प्रदर्शनात गुण मिळाले म्हणून पेठेत भाव थोडाच मिळणार आहे? एका वर्षात मिळणार नाही, हे खरे. परंतु शहरातील जे गिऱ्हाईक आज बिनपुडीचा गूळ मागत येते, ते विश्वास कशावर ठेवणार? विकणाराच्या शब्दावर किती दिवस ठेवील? न्यूकॅसलच्या बाटलीवर पदके होती. आमच्या रव्यावर निदान एक खरा कागद असू द्या.

म्हणून आपल्या संघापुढे आमची सूचना येणेप्रमाणे आहे. येत्या वार्षिक प्रदर्शनात गुळाची परीक्षा ५० गुणांच्या कागदावर घ्यावी. रंगास ५, वासास १०, चवीस २०, कण व कठीणपणास ५, पाण्यात विरघळवून दिसणाऱ्या स्वच्छतेस ५ व एकंदर परिणामास ५, अशी वाटणी आम्हांस योग्य वाटते. जाणत्यांनी ती सुधारावी. रव्यावर नाव नसावे, क्रमांक असावा. परीक्षक दोन असावेत, त्यांतील एक तरी स्त्री असावी, आणि कोणाचाही माल त्या परीक्षेत नसावा. दोघांनी आधी न बोलता लिहावे, मग बोलावे. काहिलीत काय घातले हे शेतकऱ्याने अगोदर लिहून द्यावे, जसे एल करणारा आपले पिंप सांगतो. आणि पहिल्या तीन क्रमांकांचा गूळ प्रयोगशाळेत तपासून ते खरे आहे की नाही हे पाहावे, म्हणजे विश्वासास पुरावा जोडला जाईल. सर्वांत मुख्य म्हणजे, ज्यास बक्षीस मिळाले नाही त्यास कागद अवश्य द्यावा. बक्षीस मिळालेल्याचे त्यावाचून अडत नाही. ज्यास मिळाले नाही, त्याच्याच पुढच्या काहिलीस तो उपयोगी पडावयाचा आहे.

कागद लावण्यास व क्रमांक टाकण्यास माणूस हवा असल्यास आम्ही हजर आहो. आकडा लिहून कारण न लिहिण्याची चूक आमच्या हातून एकदा झाली आहे. ती फेडण्याची संधी संघाने आम्हांस द्यावी, एवढीच विनंती.